दीडपट वेगाने

“अहो, ह्या म्हाताऱ्याच्या मागे कुत्रा लागलाय काय?” दर्शना म्हणाली. पोह्यांची बशी घेऊन ती माझ्या खुर्चीमागे उभी होती, आणि समोर लॅपटॉपवर कुठल्याशा थंड देशातला एक म्हातारा चार मजल्यांचा जिना चढत होता. बायको गेल्यावर तो पहिल्यांदाच घरी परततोय, हातातल्या पिशवीत तिच्या चपला आहेत, दिग्दर्शकाने ही चढण एकही तुकडा न पाडता टिपली आहे, ही सगळी माहिती सोबतच्या पत्रकात होती. मी दर्शनाला म्हणणार होतो की ही त्याच्या मनातली तगमग आहे, तुला नाही कळायची. तीस वर्षं मी तिला अशाच अर्थाचं काहीतरी म्हणत आलोय. पण म्हातारा खरोखरच टणाटण चढत होता. लग्नघरात जेवणाची पंगत चुकेल म्हणून निघाल्यासारखा. माझी नजर खालच्या कोपऱ्यात गेली. तिथे मुंगीएवढ्या अक्षरांत दीडचा आकडा होता. त्यावर टिचकी मारून मी तो एकावर आणला आणि म्हातारा एकदम थकला. कठडा धरून थांबला, पिशवी ह्या हातातून त्या हातात घेतली. “आता कसा माणसासारखा चढतोय,” असं म्हणून दर्शना बशी ठेवून आत गेली. मी चित्र थांबवलं. म्हाताऱ्याला जिन्यातच ठेवून मी त्या आकड्याकडे बघत बसलो.

आकडा मीच लावला होता, साधारण पंधरा दिवसांपूर्वी. एका नामवंत माणसाचा दोन तास पन्नास मिनिटांचा चित्रपट होता. त्यात एक कवी तळ्याकाठी बसून राहतो आणि तळंही बसून राहतं. मनात म्हटलं, बाबा रे, तुला वेळ आहे, मला साडेअकराला मिरकरवाड्यावर मासळी आणायला जायचंय. हल्लीच्या सोयी अशा की वेग वाढवला तरी आवाज चिरका होत नाही, माणसं आपापल्या आवाजात बोलतात, फक्त लवकर आटपतात. त्या तळ्यावर मी ‘संयत आणि गहन’ असं लिहून मोकळा झालो. आकडा काढायचा राहिला, आणि त्या यंत्राला आपली सवय लक्षात ठेवायची खोड. म्हणजे मधल्या पंधरा दिवसांत जे जे पाहिलं ते सगळं दीडपट. मी बोटांवर मोजलं. खुनाच्या तपासाचा तो तेलुगू चित्रपट, ज्याला मी ‘कमालीचा बांधेसूद’ म्हटलं. हापूसच्या बागायतदारावरचा माहितीपट, ज्यात पहिल्या मिनिटापासून बासरी वाजते. तो कुठल्याही वेगाने वाईटच आहे, त्याबद्दल मला खंत नाही. आणि त्यानंतर निदाचा, आमच्या शिबिरातल्या मुलीचा. निदाचा माहितीपट मी दीडपट वेगाने पाहिला होता, आणि त्यावरचा माझा लेख गेल्या रविवारी छापून आला होता. आज बुधवार होता. शनिवारी संध्याकाळी आमच्या चित्रपट मंडळातर्फे तो कॉलेजच्या हॉलमध्ये दाखवायचा होता.

लेख कापून ठेवायची माझी पद्धत आहे. कपाटात सत्तावीस वर्षांच्या कात्रणांच्या वह्या आहेत. गावातल्या गावात मला मान आहे, उगाच विनय कशाला करू. इथल्या दैनिकात रविवारी पान पाचवर डाव्या हाताला रावजी शिवलकर असतो, आणि चिपळूणपासून राजापूरपर्यंत लोक तो वाचतात, निदान तसं मला भेटल्यावर सांगतात. मी कुणाचा मुलाहिजा ठेवत नाही ही माझी ख्याती. ज्या युद्धपटात मरणारा प्रत्येक जवान आधी आईला पत्र लिहितो, त्याबद्दल मी लिहिलं होतं की ह्या सैन्याला बंदुकांऐवजी पोस्टाची पाकिटं द्यावीत. कोकणावर चित्रपट काढणारे मुंबईकर येतात आणि गाडीतून उतरायच्या आधी ड्रोन उडवतात. त्यांना मी लिहिलं होतं की बाबांनो, कोकणात माणसं जमिनीवर राहतात, खाली या. एका थोर माणसाच्या चरित्रपटात तो लहानपणापासून थोरच दाखवला होता, आईच्या कडेवरसुद्धा थोर. लोक ह्या वाक्यांवर हसायचे, भेटल्यावर म्हणून दाखवायचे. वाक्य चांगलं जमलं की मलाही बरं वाटतं. खरं सांगायचं तर चित्रपटापेक्षा बरं वाटतं. रविवारचं कात्रण मी पुढ्यात घेतलं. मधोमध तपकिरी चौकटीत माझंच वाक्य मोठ्या टायपात छापलं होतं: ‘खऱ्या दुःखाला घाई नसते.’

पुढचं वाचवेना, तरी वाचलं. ‘आखातातल्या जहाजावर मुलगा गमावलेली ही आई त्याच्या मृत्यूची बातमी पाठ केलेल्या धड्यासारखी घडाघडा म्हणते. श्वासालाही जागा नाही. बोलता बोलता कोंबडी हाकलण्याचा जो सहजपणा तिच्याकडून करवून घेतला आहे, तो शाळेच्या गॅदरिंगमध्येही चालला नसता. दिग्दर्शिकेने पार्श्वभूमीच्या समुद्रालादेखील घाई लावली आहे.’ समुद्रालादेखील! लाटा धावताना मला दिसल्या होत्या, मी त्याची नोंद केली होती, आणि तरी माझ्या टाळक्यात उजेड पडला नाही. त्यावर मी एक वाक्य बेतलं. लहान मुलालाही शंका आली असती. दर्शनाला एका जिन्यात आली. तीस वर्षं पडद्याकडे बघण्याचा हा फायदा.

निदाने दिलेली लिंक चालू होती. दारं लावून घेतली, आकडा एकावर आहे ना ते दोनदा पाहिलं, आणि बत्तीस मिनिटं बसलो. निदा माझ्या हाताखालची म्हणायची. तीन वर्षांपूर्वी मंडळाच्या शिबिरात आली होती, साखरतरची मुलगी, डोक्यावर ओढणी आणि हातात फुटक्या काचेचा मोबाईल. बोटीवर गेलेल्यांच्या घरांवर काहीतरी करायचंय म्हणाली होती. साखरतरला बोटीवर न गेलेलं घर शोधावं लागेल. माहितीपटातली बाई तिची सख्खी मावशी, हाजरा; निदा तिला खाला म्हणते, गावातली पोरंही. हाजराबाईंचा मुलगा तहा दुबईहून निघालेल्या मालवाहू बोटीवर होता आणि दोन वर्षांपूर्वी डेकवरून पाण्यात पडला. सापडला नाही. बातमी कळवली ती त्याच बोटीवरच्या, त्यांच्याच गावातल्या यासीनने, फोन करून. एवढीच गोष्ट. हाजराबाई मागीलदारी दगडावर बसून सांगतात, आणि मागे भिंतीपलीकडे खाडीच्या मुखाशी समुद्र दिसतो.

“मी बांगडे साफ करीत होती,” त्या सांगतात. “हात भरलेले. शेजारणीनं माज्या कानाला फोन धरला. यासीन बोलला, खाला, बसलीस काय? मी बोल्ली, हां, बसलेय.” मग त्या थांबतात. बराच वेळ. शेजारच्या घरात कुकरची एक शिटी होते. समुद्र त्याच्या चालीने येतो आणि जातो. “मी बसलेली नव्हती,” त्या म्हणतात. मी घड्याळ लावलं नाही, पण हा थांबा मला सहन होईना. मी पाणी प्यायला उठणार होतो, तेवढ्यात त्यांची नजर बाजूला गेली. “हाड, हाड. अगो, ती कोंबडी बघ.” आणि त्याच सुरात, चेहरा तसाच ठेवून, “उभ्यानंच आयकला सगला.” रडल्या नाहीत. हातांकडे बघत बसल्या, जणू अजून खवलं लागलेली आहेत. निदाने कॅमेरा हलवला नव्हता. मला इतकं भरून आलं की मी खुर्चीवरून उठून न्हाणीघरात जाऊन तोंड धुतलं. आरशात माझं तोंड बघून किळस आली, हे मी अलंकारिक बोलत नाही. ह्या बाईला मी गॅदरिंगमधली म्हटलं होतं, आणि ते आता जिल्हाभर वाटलं गेलं होतं.

तोंड पुसताना मला एक्स्चेंज आठवलं. मी जन्मभर टेलिफोनमध्ये नोकरी केली. सुरुवातीची सहा वर्षं ट्रंकच्या बोर्डावर होतो, कानाला हेडफोन, पुढ्यात भोकं आणि वायरी. पंचाऐंशी-शहाऐंशी साल. आखातातून कॉल यायचे ते मुंबईहून आमच्याकडे, आमच्याकडून गावच्या पोस्टात, आणि पोस्टात ती बाई कुणाच्या तरी पोराला हाताशी धरून येऊन बसलेली असायची. तीन-तीन मिनिटांचे हप्ते. ऐकायचं नाही असा नियम होता आणि ऐकू येतच असे. बाळ झालं, घराची कौलं बदलली, सासू गेली, सगळं तीन मिनिटांत कोंबायचं, लोक भराभर बोलायचे. दुःखाला घाई नसते म्हणे. माझ्या कानांनी सहा वर्षं घाईतलं दुःख ऐकलं आहे, पण छापील वाक्याच्या मोहात ते आठवलं नाही. आणि एक कॉल होता. कुवेतहून एक पुरुष बोलत होता, इकडे एक बाई. तो काहीतरी बोलला आणि मग लाइनीवर काहीच येईना. मी विचारलं, बोलताय का? हॅलो, बोलताय का? तीनदा विचारायचा नियम, तीनदा विचारलं. लाइन मेली समजून वायर ओढली. पाच मिनिटांनी मुंबईचा ऑपरेटर ओरडला की तुझ्या बापाची लाइन होती काय, इकडे माणूस रडतोय, त्याची बायको लाइनीवर गप्प बसली होती. मी परत जोडून दिलं. तोपर्यंत ती पोस्टातून निघून गेली होती. ह्यावर मी कधी लेख लिहिला नाही. दर्शनालाही सांगितलेलं नाही.

संध्याकाळी निदाला फोन लावला. सरळ सांगायचं ठरवलं होतं. निदा, माझी चूक झाली, वेग वाढलेला होता, तुझं काम उत्तम आहे, तुझ्या मावशीची माफी मागतो. चार वाक्यं. गच्चीत उभं राहून मी ती दोनदा म्हणूनही पाहिली. “सर!” निदाचा आवाज आला, आनंदी, आणि त्या आनंदानेच माझी जीभ अडखळली. “तुमचा लेख मी चार वेळा वाचला. पहिल्यांदा खूप रडले, खरं सांगते. मग पटला.”

“पटला?” मी म्हटलं.

“खाला जरा भरभरच बोलली, सर. तेव्हा मला कळलं नाही. आता परत बघताना मलाही सारखं तेच दिसतं.”

जिने ते टिपलं, महिनाभर जोडत बसली, प्रत्येक थांबा मोजून ठेवला, तिला आता ते भरभर दिसत होतं, कारण पान पाचवर तसं छापून आलं होतं. मी गच्चीच्या कठड्यावर हात ठेवला. विचारलं, मावशी नाराज आहेत का.  निदा म्हणाली, दोन दिवस धड जेवली नाही. मोहल्ल्यात कात्रण मोबाईलवर फिरलं, आणि शेजारणी दारात येऊन म्हणाल्या, हाजरा, बरा पाठ केलास गो. खालाचं एकच चाललं होतं, शनिवारी दाखवू नको, माझं बोलणं लोकांना खोटं वाटलं. “पण आता तयार झाली आहे, सर. उद्या थोडं काम आहे तिच्याबरोबर. शनिवारी तुम्हाला दिसेलच.”

कसलं काम, हे मी विचारलं नाही. विचारलं असतं तर तिने सांगितलं असतं, आणि सांगितलं असतं तर मला बोलावंच लागलं असतं. म्हणून विचारलं नाही. एवढं मला त्या क्षणीही कळत होतं. “सर, तुम्ही काही सांगणार होतात?” ती म्हणाली. मी म्हटलं, “काही नाही, आवाजाकडे लक्ष दे.” शिकवलंच तिला आणखी. फोन ठेवला तेव्हा खाली रस्त्यावर कुणीतरी मला हात केला आणि ओरडून विचारलं, काय शिवलकर, ह्या रविवारी कुणाची हजामत? मी हसलो. हसण्याची इतकी सवय आहे की ते आपोआप येतं.

गुरुवार मी खुलासा लिहिण्यात घालवला. दुरुस्ती म्हणा, दिलगिरी म्हणा. पहिल्या मसुद्यात लिहिलं, ‘काही तांत्रिक कारणामुळे’. ज्यांना दोन माणसं समोरासमोर आणता येत नाहीत ते पडद्यामागून निवेदकाचा आवाज लावतात, असं मी वर्षानुवर्षं लिहीत आलोय; ‘तांत्रिक कारण’ हा माझा निवेदक. फाडला. दुसऱ्यात सगळा दोष त्या यंत्राच्या स्मरणशक्तीवर गेला. तिसऱ्यात मी इतका नम्र झालो की वाचणाऱ्याला माझीच दया यावी. तो मला आवडला, म्हणून फाडला. चौथा चांगला होता: मी न पाहता लिहिलं, असा सरळ. तो हातात धरून बसलो आणि डोळ्यांसमोर सोमवार सकाळ आली. बाजारात, बँकेत, मंडळाच्या बैठकीत, सगळे. सत्तावीस वर्षांत ज्या ज्या दिग्दर्शकाची, नाटकवाल्याची मी साल काढली, ते सगळे म्हणणार, हा कधी काय नीट बघत होता?  तळ्याच्या चित्रपटाआधी मी कधी वेग वाढवला नव्हता, पण आठवणीत जाऊन बघितलं तर कितीतरी वेळा डुलकी लागली होती, कितीतरी वेळा शेवट दुसऱ्या कुणाच्या लेखातून कळला होता. एकदा तर मध्यंतरात घरी येऊन जेवलो आणि ‘उत्तरार्ध सैल’ असं लिहिलं. लोकांनी ते वाक्यही म्हणून दाखवलं होतं. दुपारी दर्शनाने विचारलं, बरं नाही का? मी तिला सगळं सांगितलं, एक्स्चेंजचा कॉल सोडून. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, “मग कागदाला काय सांगताय? त्या बाईला जाऊन सांगा.” हिला काय कळतंय, असं मनात आलं नाही. पण त्या दुपारी मी गेलो नाही. ऊन फार होतं म्हटलं. खरं म्हणजे भीती वाटत होती.

शुक्रवारी जुम्म्याची नमाज सुटल्यावर साखरतरला पोचलो. शिरगावातून स्कूटर हळूहळू नेली, मुद्दाम. पुलावरून खाडीत ओहोटी दिसत होती, बोटी चिखलात कलंडून पडल्या होत्या. मशिदीतून बाहेर पडलेल्या दोघांना घर विचारलं तर त्यातला एक माझ्याकडे निरखून बघत म्हणाला, “तुमी पेपरवाले ना?” आणि बोटाने घर दाखवलं. हाजराबाई ओटीवरच होत्या. कॅमेऱ्यात दिसल्या त्यापेक्षा लहानखुऱ्या. मी नाव सांगितलं, तशी त्या लगबगीने उठल्या, डोक्यावरचा पदर सारखा केला आणि माझ्यासाठी प्लास्टिकची खुर्ची पुसली. मला वाटलं होतं दार लावतील, चार शब्द सुनावतील. तशी तयारी करून आलो होतो. “या, भाऊ, या. उन्हाचे आलाव,” त्या म्हणाल्या, आणि आत वळून, “निदा, बघ कोन आलाय.” निदा लॅपटॉप घेऊनच बाहेर आली. “सर, मी तुम्हाला फोन करणारच होते! शनिवारच्या आधी एकदा बघा. रात्रभर बसून जोडलंय.”

“निदा, आधी माझं ऐक,” मी म्हटलं.

“दोन मिनिटं, सर. आधी बघा.” तिने लॅपटॉप माझ्या मांडीवर ठेवलासुद्धा. हाजराबाई चौकटीला टेकून उभ्या राहिल्या, माझ्या तोंडाकडे बघत.

पडद्यावर हाजराबाई खुर्चीत बसल्या होत्या, ह्याच खुर्चीत. भिंत स्वच्छ, कोंबडी नाही, कुकर नाही. समुद्राचा आवाज नीट वेगळा घेऊन मागे लावलेला. आवाजाकडे लक्ष दे म्हटलं होतं ना मी. “यासीन बोलला, खाला, बसलीस काय?” त्या म्हणाल्या आणि थांबल्या. तो थांबा सुबक होता. त्या मनात आकडे मोजत होत्या, मला ओठांच्या कोपऱ्यात दिसलं. मग त्यांची नजर कणभर वर गेली, कॅमेऱ्याच्या मागे, जिथे निदाने हात वर केला असणार. “मी बसलेली नव्हती.” पुन्हा थांबा. डोळ्यांत पाणी, अगदी वेळेवर. “उभ्यानंच आयकला सगला.” चित्र हळूच काळं झालं. शनिवारी हॉलमध्ये बायका पदर तोंडाला लावणार, टाळ्या पडणार, हे मला दिसत होतं. दोन आठवड्यांपूर्वी हे मला दाखवलं असतं तर मीही चांगलंच लिहिलं असतं. हे खोटं होतं. मी छापलं तेव्हा नव्हतं, आता होतं.  काल दुपारी ऊन फार होतं म्हणून मी घरी बसलो होतो, आणि काल दुपारी हे चाललं होतं.

“आता बराबर झाला ना, भाऊ?” हाजराबाईंनी विचारलं.

त्यांच्या चेहऱ्यावर काय होतं ते सांगितलं पाहिजे. परीक्षेचा निकाल विचारणाऱ्या मुलीची आशा होती. हो म्हटलं असतं तर सगळं तिथेच मिटलं असतं. त्या हसल्या असत्या, चहा आला असता, शेजारणींना बोलायला जागा उरली नसती, शनिवार पार पडला असता, आणि माझ्या वह्या कपाटात सुखाने राहिल्या असत्या. त्यांच्या भल्यासाठीच हो म्हणावं, असंही मनात आलं, आणि ते इतकं सोयीचं होतं की मला माझाच संशय आला. मी लॅपटॉप बाजूला ठेवला आणि सांगितलं. आकडा, वेग, तळ्याचा चित्रपट, मासळी, सगळं. त्यांचं पहिलं बोलणं मी बुधवारी नीट पाहिलं, हेही. निदाकडे बघायचा धीर झाला नाही. ती उभी होती ती खाली बसली, एवढं कळलं.

“म्हंजे मशीन जोरात चालत होती?” हाजराबाई म्हणाल्या.

“मी चालवत होतो. मशीनचा दोष नाही.”

“न् माजा बोलणा?”

“बरोबर होतं. पहिलंच बरोबर होतं. त्याहून चांगलं मी काही पाहिलेलं नाही.” शेवटचं वाक्य तोंडातून निघालं आणि लाज वाटली, जणू मी अजून गुण देत होतो.

निदा उठली. “सर, बुधवारी तुम्ही फोन केलात,” ती म्हणाली. आवाज चढला नव्हता. “बुधवारी तुम्हाला माहीत होतं?”

“हो,” मी म्हटलं.

ती आत निघून गेली. लॅपटॉप खुर्चीशेजारी तसाच राहिला. हाजराबाई ओटीच्या कडेला बसल्या. खाडीवरून चिखलाचा वास येत होता. मी म्हटलं, रविवारी हे सगळं माझ्या नावानिशी छापतो, त्याच पानावर, त्याच जागी. उद्या आधी हॉलमध्ये उभा राहून सांगतो. आणि पहिलंच दाखवायला सांगा निदाला.

“छापा की,” त्या म्हणाल्या. “शेजारणींना कलूदे.” मग बराच वेळ बोटांनी ओटीवरची रेती गोळा करत बसल्या. “काल नऊ टायम सांगितला मी,” त्या म्हणाल्या. त्यांचा राग माझ्यावर होता की नव्हता, मला अजून ठरवता आलेलं नाही. “पयल्या तीन टायमाला खरा रडू आला. मंग निदा बोल्ली, खाला, थांबून बोल. मंग थांबून बोल्ली. मंग रडू आयला नाय, तर तहाचा कुडता हातात घेतला, मंग आला. पोरीनं लय मेहनत केली, तिला कायव बोलू नका.”

“चूक माझी आहे,” मी म्हटलं.

त्यांनी मान हलवली, म्हणजे ऐकलं. “दोन वर्सं झाली, भाऊ. फजरच्या बांगेला डोला उघडला की पयला यासीनच आयकू यायचा. खाला, बसलीस काय. रोज. मना नको वाटायचा तो. पर तो आला की त्याच्या मागनं तहा यायचा. जरासाच. दाराशी उभा रव्हायचा न् जायचा.” रेतीची ढिगुळी त्यांनी हाताने सपाट केली. “आज फजरला डोला उघडला, तं कानात निदा. ‘खाला, परत एकदा.’ मी पडून रव्हली, वाट बघितली. मागनं कोनच आला नाय.”